खरेखुरे वाटणारे हृदय

पत्त्यांच्या खेळात ज्या लाल आकृतीला मराठी माणूस बदाम म्हणतो, तिलाच पाश्चात्त्य देशांत हृदय म्हणतात. वास्तविक ती आकृती बदामासारखी जेवढी दिसते तेवढीही हृदयासारखी दिसत नाही. तेव्हा या बाबतीत आपली भाषा अधिक प्रामाणिक निघाली असे म्हणावयास हरकत नाही. पण दुसऱ्या ठिकाणी तिनेही घोटाळा करून ठेवला आहेच. दुःखाच्या भरात ‘काळीज फाटले’ असे म्हणणाऱ्याच्या मनात हृदय असते. आणि तोच गृहस्थ बाजारात जाऊन काळीज मागतो, तेव्हा त्याच्या पिशवीत यकृत पडते. जो अवयव छातीत अहोरात्र धडधडत असतो, त्याचे प्रत्यक्ष रूप सामान्य माणसाने क्वचितच पाहिलेले असते, याचाच हा पुरावा होय.

शाळेच्या भिंतीवरील तक्त्याने हे अज्ञान पुष्कळसे दूर केले. चार कप्पे, मधला पडदा, झडपा, आणि त्यांतून निघणाऱ्या व त्यांत शिरणाऱ्या नळ्या. एक बाजू लाल, दुसरी निळी. हा तक्ता पाहत वाढलेल्या कित्येक प्रौढ माणसांचीही अशी पक्की समजूत असते की, आपल्या शरीरातील निम्मे रक्त निळ्या रंगाचे आहे. तसे मुळीच नाही. प्राणवायूने भरलेले रक्त लालभडक आणि तो खर्ची पडलेले रक्त काळसर लाल, एवढाच काय तो भेद. मनगटावरच्या शिरा निळसर दिसतात, तो कातडीतून येणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे. पण या रंगभेदाचा सारा दोष तक्ता रंगविणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही, कारण तो शब्दांतच मुरलेला आहे. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी, म्हणजे तांबूस वर्णाची. आणि हृदयाकडे रक्त आणणारी ती नीला. संकेत म्हणून हे सारे उत्तम आहे. तो संकेत आहे हे शिकविणाऱ्याला ठाऊक असते, आणि तक्ता इतका उघडउघड तक्त्यासारखा दिसतो की त्याला कोणी खरे हृदय समजण्याची भीती नसते.

या दोन चित्रांच्या शेजारी गेल्या दहाएक वर्षांत तिसरे एक चित्र येऊन बसले आहे, आणि आजचे विवेचन त्याच्याविषयी आहे. आकाशवाणीवर चित्र दाखविता येत नाही. तेव्हा ते श्रोत्यांनी मनातच उभे करावयाचे. मोठ्या रुग्णालयातील संगणकाचा पडदा आहे असे समजा. त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक हृदय आहे. मांसाचा रंग तांबूस तपकिरी, त्यावर ओलसर चकाकी. पिवळसर चरबीच्या खाचेतून हृदयाला स्वतःला रक्त पुरविणारी हृद्‌रोहिणी वळणे घेत खाली उतरते आहे, आणि तिची बारीकशी सावली शेजारच्या स्नायूवर पडली आहे. वरच्या बाजूस महारोहिणीची कमान, तिच्या आड फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी अर्धवट अंधारात. शल्यविशारदाने छाती उघडावी आणि छायाचित्रकाराने वरून दिवा धरावा, असेच ते दिसते. प्रत्यक्षात त्या माणसाची छाती कोणी उघडलेली नसते. आत दिवा गेलेला नसतो, कॅमेऱ्याची काच गेलेली नसते. चकाकी, सावली, रंग यांपैकी एकही वस्तू त्या छातीतून आलेली नाही. मग ती आली कोठून? आणि ती तेथून आलेली नाही हे विसरल्यास काय होईल?

ही हकीकत अनेक देशांत घडली असली तरी तिचे पुष्कळसे धागे अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एकत्र येतात. १९११ साली तेथे वैद्यकीय चित्रकलेचा एक स्वतंत्र विभाग निघाला. अशा प्रकारचा तो जगातील पहिलाच. त्याचे प्रमुख माक्स ब्रोडेल हे जर्मनीतील लाइपझिगचे. १८९४ मध्ये ते बाल्टिमोरला आले, ते शल्यविशारदांसाठी चित्रे काढण्याकरिता. शाईच्या रेघांनी अवयवाचा आकार सांगता येतो, पण जिवंत, ओल्या मांसाचा पोत सांगता येत नाही, ही अडचण त्यांना जाणवली. त्यावर त्यांनी कोळशाची अत्यंत बारीक पूड खास कागदावर कुंचल्याने पसरून आणि उजळ जागा खरवडून काढून चित्रे करण्याची पद्धत बसविली. त्या चित्रांतील अवयव ओले वाटतात. परंतु ब्रोडेल यांचा खरा आग्रह निराळाच होता. चित्रकाराने आधी विषय संपूर्ण समजून घ्यावा, हवे तर स्वतः विच्छेदन करावे, आणि मगच कागदाला हात लावावा, असे ते शिष्यांना शिकवीत. त्यांच्या चित्रातील प्रत्येक सावली कोणीतरी विचार करून घातलेली असे. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

त्याच रुग्णालयात पुढे हेलन टॉसिग नावाच्या बालहृदयतज्ज्ञ काम करीत होत्या. त्यांची श्रवणशक्ती पुष्कळ अंशी गेलेली होती. हृदयाचे डॉक्टर ज्या ठोक्यांवर आणि आवाजांवर भिस्त ठेवतात, ते ऐकणे त्यांना अवघड. म्हणून मुलाच्या छातीवर हात ठेवून त्या स्पंदने बोटांनी जाणून घेत, आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर हलणारी हृदयाची छाया निरनिराळ्या बाजूंनी न्याहाळीत. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत पुष्कळ मुले निळी असत. ओठ निळे, नखे निळी, दोन पावले चालताच दम लागून उकिडवी बसणारी. या व्याधीचे सविस्तर वर्णन मार्सेयच्या फालो यांनी १८८८ मध्ये केले होते, म्हणून तिला आजही त्यांचे नाव आहे. तीत चार दोष एकत्र असतात: खालच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे जवनिकांमधील, पडद्याला छिद्र, महारोहिणीचे मूळ त्या छिद्रावर सरकलेले, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, आणि त्यामुळे उजव्या जवनिकेची भिंत जाड झालेली. फुप्फुसांकडे पुरेसे रक्तच जात नाही, म्हणून मूल निळे.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी अशा एका पंधरा महिन्यांच्या मुलीची हाताकडे जाणारी एक रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडून दिली. ही शस्त्रक्रिया आधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसविली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने. त्याला महाविद्यालयाची पायरीही चढता आली नव्हती. पण त्या दिवशी तो ब्लेलॉक यांच्या पाठीमागे चौरंगावर उभा राहून त्यांना सूचना देत होता. त्याच संस्थेने त्याला १९७६ साली सन्मान्य डॉक्टरेट दिली. न्यायाला विलंब लागला, पण तो निदान त्याच्या हयातीत झाला. ती पहिली मुलगी पुढे फार काळ जगली नाही. तरी वाट मोकळी झाली, आणि त्यानंतर पुष्कळ मुलांच्या निळ्या ओठांवर रंग आला.

टॉसिगबाईंच्या हाताशी जे होते, ती केवळ सावली होती. रॉंटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लावल्यावर अवघ्या काही आठवड्यांत, १८९६ च्या जानेवारीत, व्हिएन्ना येथे हाशेक आणि लिंडेनटाल या दोघांनी एका मृत हाताच्या वाहिन्यांत अपारदर्शक द्रव्य भरून त्यांचे चित्र घेतले. जिवंत माणसाच्या हृद्‌रोहिणीत असे द्रव्य सोडण्याची मात्र कोणाची छाती झाली नाही. १९५८ मध्ये क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स तपासणी करीत असता नळीचे टोक चुकून रोग्याच्या उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि द्रव्य आत गेले. रोगी वाचला, आणि त्या अपघातातून एक शास्त्र जन्मास आले. असे चित्र आजही अतिशय मोलाचे आहे. पण तीही सावलीच. उन्हाळ्याच्या दुपारी भिंतीवर चिंचेची सावली पडते, तीत फांदीवर फांदी आलेली दिसते. परंतु कोणती फांदी पुढची आणि कोणती मागची, हे सावलीला सांगता येत नाही. हृदयाभोवतीच्या वाहिन्यांचे जाळे चिंचेपेक्षा कमी गुंतागुंतीचे नाही.

सावलीचा हा दोष घालविला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत ते अभियंता होते. शरीराभोवती फिरत निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडावयाचे, पलीकडे किती पोहोचले ते मोजावयाचे, आणि त्या हजारो मापांवरून आतील प्रत्येक ठिकाणची घनता गणिताने काढावयाची, ही त्यांची युक्ती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र असे काढण्यात आले. १९७९ मध्ये त्यांना आणि हेच गणित आधी स्वतंत्रपणे मांडणाऱ्या अॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज ज्याला आपण सीटी स्कॅन म्हणतो, ते हेच.

पण मेंदू कवटीत स्वस्थ बसतो. हृदय बसत नाही. पहिल्या यंत्राला एकेका चित्रासाठी मिनिटेच्या मिनिटे लागत, आणि तेवढ्या वेळात हृदयाचे शेकडो ठोके होतात. धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र मंद कॅमेऱ्याने घ्यावे, तसा सारा फराटा उमटावयाचा. म्हणून हृदयाला बरीच वर्षे थांबावे लागले. १९८९ च्या सुमारास रोग्याचा पलंग सरकत असतानाच भोवताली सतत फिरणारी यंत्रे आली. २००४ च्या सुमारास एका फेरीत ६४ चकत्या टिपणारी आली. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर विसावते, तेवढाच क्षण नाडीच्या आलेखावरून हेरून त्याचे माप घेण्याची तजवीज झाली. रोग्याच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य सोडतात, नाडी जलद असेल तर औषधाने ती मंद करतात, श्वास रोखून धरावयास सांगतात, आणि काही सेकंदांत काम आटोपते.

या मापनातून यंत्राच्या हाती काय येते, ते नीट पाहिले पाहिजे. कारण सगळी मेख तेथेच आहे. हाती येतात ते आकडे. पावाचे काप करावे तशा छातीच्या अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या चकत्या पाडलेल्या असतात. प्रत्येक चकतीत आडवी ५१२ आणि उभी ५१२ अशी घरे, म्हणजे २,६२,१४४ घरे. अशा ४०० चकत्या एकावर एक रचल्या तर दहा कोटींहून अधिक घरे होतात, आणि एकेक घर साखरेच्या बारीक दाण्याएवढे. प्रत्येक दाण्यावर एकच आकडा लिहिलेला असतो: तेथील पदार्थ क्ष-किरणांना किती अडवितो तो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबी शून्याच्या थोडी खाली, स्नायू थोडा वर, आणि हाड किंवा आयोडीनने भरलेली रोहिणी शेकड्यांत. हे मोजमाप हाउन्सफील्ड यांच्याच नावाने चालते. त्यात लाल नाही, पिवळे नाही, ओले नाही, कोरडे नाही.

क्ष-किरणतज्ज्ञ हे आकडे करड्या रंगाच्या छटांत रूपांतरित करून एकामागून एक चकती पाहत जातो, आणि सारे हृदय स्वतःच्या डोक्यात उभे करतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने हे साधते. शल्यविशारदाला ते तितके साधत नाही, आणि बिचाऱ्या आईबापांना तर त्या करड्या चकत्यांतून काहीच उमगत नाही. म्हणून आकड्यांच्या या राशीतून घन आकार पडद्यावर उभा करण्याची खटपट सुरू झाली. १९८० नंतरच्या दशकात हॉपकिन्समधील क्ष-किरणतज्ज्ञ एलियट फिशमन यांची गाठ पडली ती पिक्सार कंपनीतील मंडळींशी. पुढे बोलक्या खेळण्यांचे चित्रपट काढून जी जगभर गाजली, तीच ही पिक्सार; त्या काळी ती चित्रे घडविणारे संगणक विकीत असे. तिच्या रॉबर्ट ड्रेबिन प्रभृतींनी १९८८ मध्ये अशी रीत मांडली की, प्रत्येक दाण्याला त्याच्या आकड्यावरून एक रंग आणि एक पारदर्शकता द्यावी, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून सरळ रेषा राशीत घुसवून वाटेत भेटणारे रंग मिसळीत जावे. आरंभीचे काम खुब्याच्या हाडांवर झाले, आणि पुढे रक्तवाहिन्यांवर. या चित्रांनी मोठी सोय केली. पण त्यांतले हृदय मेणाच्या बाहुलीसारखे दिसे. त्यात सावल्या जवळजवळ नसत, आणि सावली नसली की पुढचे-मागचे पुन्हा संदिग्ध होते.

नव्या पद्धतीने भर घातली ती प्रकाशाची. खऱ्या जगात उजेड एकाच दिव्यातून सरळ येत नाही. तो आकाशातून, भिंतींवरून, जमिनीवरून परावर्तित होऊन चहूकडून येतो, वस्तूत थोडा शिरतो, आत विखुरतो आणि पुन्हा बाहेर पडतो. प्रकाशाच्या एवढ्या सगळ्या वाटा मोजणे अशक्य. म्हणून त्यांतल्या काही यदृच्छेने निवडून त्यांची सरासरी काढावयाची. या रीतीला माँटे कार्लो हे जुगाराच्या अड्ड्याचे नाव मिळाले आहे, आणि तिच्या जन्माची कथाही पत्त्यांशीच जोडलेली आहे. १९४६ मध्ये स्टानिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत असताना एकट्यानेच पत्ते लावीत बसले होते. डाव सुटण्याचा संभव किती, हे गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजणे सोपे, असे त्यांच्या मनात आले. ती कल्पना प्रथम अणुगर्भातील कणांच्या हिशेबासाठी वापरली गेली. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी तीच संगणकावरील चित्रांना लावली, आणि चित्रपटसृष्टीने ती उचलली. १९९८ मध्ये पॉल डिबेव्हेक यांनी आणखी एक पाऊल टाकले. एखाद्या खऱ्या जागेतील उजेडाचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावयाचे आणि संगणकातील कृत्रिम वस्तूवर तोच उजेड पाडावयाचा. त्यांच्या अशा प्रसिद्ध चित्रांत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कॅथीड्रलमधील उजेडही आहे.

जर्मनीतील सीमेन्स कंपनीचे क्लाउस एंगेल आणि रॉबर्ट श्नायडर यांनी हे सारे शरीराच्या आकड्यांना लावले. ऑस्ट्रियातील लिंत्स येथील क्ष-किरणतज्ज्ञ फ्रान्त्स फेल्नर यांनी रुग्णालयात त्याचा पाठपुरावा केला. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिल्या जाणाऱ्या भविष्य-पुरस्काराच्या अंतिम स्पर्धेत २०१७ मध्ये या तिघांची निवड झाली होती. सिनेमाकडून आलेली म्हणून या पद्धतीचे नाव सिनेमॅटिक रेंडरिंग. बाल्टिमोरमध्ये फिशमन आणि त्यांचे सहकारी यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांत तिचा उपयोग कोठे होतो, यावर पुष्कळ लिहिले आहे.

उपयोग होतो, यात शंका नाही. फालोच्या रोगाचेच उदाहरण घ्यावे. १९५४ पासून हृदय उघडून तो रोग मुळातून दुरुस्त करता येऊ लागला. त्यासाठी उजव्या जवनिकेची अरुंद वाट रुंद करावी लागते, आणि पुष्कळदा त्या वाटेच्या भिंतीवर छेद घेऊन ठिगळ लावावे लागते. आता, या रोगाच्या काही थोड्या मुलांत एक महत्त्वाची हृद्‌रोहिणी भलत्याच जागी उगवते आणि नेमकी त्याच भिंतीवरून आडवी जाते. ती चरबीखाली किंवा स्नायूखाली दडलेली असली तर छाती उघडल्यावरही चटकन दिसत नाही. तिच्यावर सुरी पडली, तर दुरुस्त करावयास घेतलेल्या हृदयाचा एक मोठा भाग रक्तावाचून मरतो. ती आहे किंवा नाही, वाटेच्या पुढून जाते की मागून, हे आधीच कळणे हा त्या मुलाच्या जीविताचा प्रश्न आहे. सपाट सावलीत तिची वाट ओळखण्यास निष्णात डोळा लागतो. खोलीचा अंदाज देणाऱ्या नव्या चित्रात ती भिंतीवर चढलेल्या वेलीसारखी, स्वतःच्या सावलीसह दिसते. शल्यविशारद हृदय हवे तसे फिरवून पाहतो आणि छेद कोठे घ्यावयाचा याचा विचार आदल्या दिवशीच करतो. जर्मनीत एर्लांगेन येथे झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक तौलनिक अभ्यास उदरातील इंद्रियांविषयीचा आहे. पण त्यातही शल्यविशारदांना करड्या चकत्यांपेक्षा अशा चित्रांवरून शरीररचना लवकर आणि अधिक अचूक कळली असेच आढळले.

इथवर सारे चांगलेच झाले. परंतु नव्या चित्रात जुन्या आकड्यांपेक्षा एकही आकडा अधिक नाही, ही गोष्ट त्या चकाकीखाली झाकून जाते. कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यावयाचा आणि कोणता आकडा अदृश्य करावयाचा, हे कोणीतरी ठरवितो. पुष्कळदा कारखान्यातून आलेली तयार कोष्टकेच वापरली जातात. सीमा जरा वर सरकविली की रोहिणीतील अरुंद जागा अधिक अरुंद दिसू लागते. खाली आणली की ती भरून येते. रोगी तोच, आकडे तेच. रोहिणीच्या भिंतीत साचलेला चुना यंत्राच्या मापात आहे त्याहून फुगलेला उमटतो, त्यामुळे मार्ग बंद झाल्याचा भास होतो. आयोडीनच्या रक्ताने भरलेल्या दोन कप्प्यांमधील पडदा फार पातळ असला, तर साखरेचा एकच दाणा अर्धा पडद्यात आणि अर्धा रक्तात येतो. त्याचा आकडा मधलाच निघतो, आणि चित्रात तेथे चक्क भोक दिसते. मोजण्याच्या वेळी हृदयाने एक ठोका चुकविला, तर अखंड रोहिणी मधेच तुटून बाजूला सरकल्यासारखी दिसते. हे दोष नवे नाहीत. करड्या चकत्यांत ते धूसर, डागाळलेले दिसत, आणि पाहणाऱ्याला सावध करीत. आता त्याच खोट्या भोकाला गोलाई येते, त्याच्या काठावर उजेड पडतो, आत काळोख दाटतो. खोटी वस्तू खऱ्या वस्तूइतकीच सुंदर प्रकाशात न्हाऊन निघते.

ब्रोडेल यांच्या कोळशाच्या चित्रात ही भीती कमी होती. चुका त्यांच्याही होत असतील. पण चित्रकाराने ते हृदय आधी हाताळलेले असे, आणि शंका असली तर कुंचला थांबे. संगणकाचा कुंचला थांबत नाही. जे समजलेले आहे तेही तो रंगवितो आणि जे समजलेले नाही तेही तितक्याच आत्मविश्वासाने रंगवितो. पूर्वी समजून घेण्याचे ओझे काढणाऱ्यावर होते. ते आता सर्वस्वी पाहणाऱ्यावर आले आहे. आणि पाहणाऱ्यांत डॉक्टरांबरोबर रोगी आणि त्याचे आईबापही आले.

रंगांचेच पाहा. तक्त्यातील निळ्या-लालाचा संकेत या नव्या चित्रात बहुधा मोडलेला असतो. रोहिणी असो की नीला, आयोडीन सारखे पोहोचले असेल तर दोघींचा आकडा सारखा, म्हणून दोघी सारख्याच लाल. निळी हवी असेल तर कोणीतरी ती वेगळी निवडून मुद्दाम रंगवावी लागते. याच्या उलट, फालोच्या रोगाने आजारी मुलाच्या ओठांवरील निळेपणा हा संकेत नव्हे; ते त्याच्या व्याधीचे सर्वांत ठळक सत्य आहे. टॉसिगबाईंनी ते पाहिले, आणि त्यासाठी त्यांना यंत्र लागले नाही. पण त्या मुलाचे हृदय नव्या पडद्यावर आणले, तर ते निरोगी मुलाच्या हृदयाइतकेच तांबूस, टवटवीत दिसेल. कारण क्ष-किरणांना रक्तातला प्राणवायू दिसत नाही आणि कोष्टकात निळ्याला जागा नाही. रक्त छिद्रातून कोणत्या बाजूला वाहते, किती जोराने वाहते, हेही या चित्रातून कळत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींची तपासणी लागते. तिची चित्रे दिसावयास ओबडधोबड असतात आणि पुष्कळदा अधिक सांगून जातात.

आईबापांच्या हाती असे चित्र पडले, तर त्यांनी ते घाबरून दूर लोटण्याचे कारण नाही. आपल्या मुलाच्या छातीत काय बिघडले आहे, हे त्यांना प्रथमच खऱ्या अर्थाने डोळ्यांनी पाहावयास मिळते, हा लहान लाभ नव्हे. त्यासाठी मुलावर जास्तीचे क्ष-किरणही सोडावे लागत नाहीत, कारण आकडे पूर्वीच गोळा झालेले असतात. डॉक्टरांना मात्र एवढे विचारावे की, यांतले कोणते आपण मोजले आणि कोणते केवळ दिसते आहे? जाणत्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

कारण शहाण्या विभागांत रीत हीच आहे. शस्त्रक्रियेच्या आधी क्ष-किरणतज्ज्ञ आणि शल्यविशारद एकत्र बसतात. आधी रंगीत चित्र फिरवून पाहतात, आडवी गेलेली हृद्‌रोहिणी एकमेकांना दाखवितात, तिच्या आजूबाजूस काय आहे याची चर्चा करतात. मग करड्या चकत्या समोर घेऊन तीच रोहिणी उगमापासून एकेका चकतीतून खाली शोधीत येतात. चित्रात दिसलेले पडद्याचे भोक चकतीतही आहे का, ते पाहतात. आणि रोहिणीपासून छेदाचे अंतर किती राखावयाचे, ते तेथेच मिलिमीटरमध्ये मोजतात. रंगीत हृदय तोवर शेजारच्या पडद्यावर, कोणत्याही छातीत कधी न पडलेल्या उजेडात, सावकाश फिरत असते.